हे गुपित नेमकं कुणापासून?

लोकलमध्ये उभे असाल, मेसच्या रांगेत असाल किंवा भांडी घासता घासता ऐकत असाल, सगळ्यांचं स्वागत. आणि जे हे ब्लॉगवर वाचतायत त्यांना आधीच सांगतो, हे मुळात बोललेलं आहे. त्यामुळे वाक्यं बोलल्यासारखीच येतील, सांभाळून घ्या.

आजचा विषय असा: युद्धात हार होते तेव्हा ती बातमी लोकांना कोण सांगतं, कशी सांगतं, आणि सांगत नाही तेव्हा पुढे काय होतं? जिंकल्याची बातमी द्यायला सगळेच पुढे असतात. मंत्री असतात, प्रवक्ते असतात, टीव्हीवरचे निवेदक तर असतातच. हरल्याची बातमी मात्र पोरकी असते. ती कुणालाच आपली वाटत नाही.

हा विषय डोक्यात आला तो आपल्या फोनमुळे. सीमेवर काही घडलं की पहिल्या तासाभरात ग्रुपवर व्हिडिओ येऊन आदळतात. त्यातले काही व्हिडिओ गेममधले असतात, काही भलत्याच देशातले, काही कित्येक वर्षांपूर्वीचे. आपण अफवा पसरवणाऱ्याला शिव्या घालतो, आणि ते बरोबरच आहे. पण अफवेला जागा कुठे मिळते? जिथे खरी बातमी वेळेवर पोचत नाही तिथे. आता सरकार म्हणणार, सुरक्षेचा प्रश्न आहे, सगळं सांगता येत नाही. हे म्हणणं कधी अगदी खरं असतं आणि कधी निव्वळ पांघरूण असतं. दोन्हीतला फरक ओळखायला मी दोन साधे प्रश्न वापरतो. पहिला, हे गुपित नेमकं कुणापासून आहे, शत्रूपासून की आपल्याच लोकांपासून? दुसरा, ते कधीपर्यंत आहे? हे दोन प्रश्न लक्षात ठेवा. आज तीन देशांतल्या गोष्टी सांगणार आहे, आणि प्रत्येक ठिकाणी हेच विचारणार आहे.

सुरुवात ब्रिटनपासून. साल १९४०. हिटलरच्या फौजा फ्रान्समध्ये घुसल्यात आणि ब्रिटिश सैन्य डंकर्कच्या किनाऱ्यावर कोंडीत सापडलंय. २६ मे ते ४ जून या काळात लहानमोठ्या शेकडो बोटींनी मिळून ३ लाख ३८ हजारांहून जास्त सैनिक समुद्रापार आणले. लोक अक्षरशः आनंदाने वेडे झाले होते. अशा वेळी कुठल्याही नेत्याला काय सोपं होतं? विजय झाला म्हणून सांगून टाकणं. पण ४ जूनला विन्स्टन चर्चिल संसदेत उभे राहिले आणि त्यांनी लोकांना जमिनीवर आणलं. माघार घेऊन युद्धं जिंकता येत नाहीत, सुटकेला विजय समजू नका, असं त्यांनी बजावलं. जवळपास १ हजार तोफा गेल्या, ३० हजारांहून जास्त माणसं मेली, जखमी झाली किंवा बेपत्ता आहेत, हे आकडे त्यांनी भर सभागृहात दिले. गंमत म्हणजे यूट्यूबवर या भाषणाचा जो आवाज आपण ऐकतो तो त्या दिवसाचा नाहीच. ते ध्वनिमुद्रण १९४९ सालचं आहे. त्या संध्याकाळी लोकांनी ऐकला तो बीबीसीच्या निवेदकाने वाचून दाखवलेला भाग. म्हणजे लोकांना धीर आला तो चर्चिलच्या भारदस्त आवाजामुळे नाही. माणूस वाईट बातमीसुद्धा सरळ सांगतोय, हे कळल्यामुळे आला.

आता इथे थांबलो असतो तर ही चर्चिलची आरती झाली असती. पण पुढचे दोनच आठवडे बघा.

१७ जून १९४०. फ्रान्सचा सेंट नाझेर बंदराजवळचा समुद्र. डंकर्कनंतरही फ्रान्समध्ये अडकलेले सैनिक आणि नागरिक लँकेस्ट्रिया नावाच्या मोठ्या प्रवासी जहाजावर खच्चून भरले होते. जर्मन विमानांनी बॉम्ब टाकले आणि साधारण वीस मिनिटांत जहाज बुडालं. नक्की किती माणसं गेली हे आजही सांगता येत नाही, कारण चढणाऱ्यांची नोंदच नीट झाली नव्हती. सावध अंदाज ३ हजारांचा आहे, काही अंदाज त्याच्या जवळपास दुप्पट जातात. ब्रिटनच्या इतिहासात एकाच जहाजावर एवढी माणसं दुसऱ्या कुठल्या दुर्घटनेत गेली नाहीत. टायटॅनिक सगळ्यांना माहीत आहे. लँकेस्ट्रियाचं नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलं होतं?

का ऐकलं नव्हतं, त्याचं एक कारण चर्चिलने स्वतःच आठवणींच्या ग्रंथात लिहून ठेवलंय. त्याच दिवशी फ्रान्सने शस्त्रं खाली ठेवायची तयारी जाहीर केली होती. वर्तमानपत्रांत आज पुरेसं अरिष्ट आहे, आणखी नको, असं म्हणून त्यांनी बातमी रोखली. काही दिवसांनी ती सोडायची होती. पण एकावर एक संकटं आली आणि बंदी उठवायची राहूनच गेली, ते विसरले. वाचून आलेल्या सैनिकांना तोंड बंद ठेवायला सांगितलं गेलं. सुमारे पाच आठवड्यांनी, जुलैच्या अखेरीस अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्राने बातमी छापली, आणि मग ब्रिटिश वर्तमानपत्रांनी.

आता आपले दोन प्रश्न. गुपित कुणापासून? बॉम्ब जर्मनांनी टाकलेले, जहाज त्यांच्या डोळ्यांदेखत बुडालेलं. माहीत नव्हतं ते ब्रिटनमधल्या आईबापांना आणि बायकांना. कधीपर्यंत? काही दिवस म्हणून सुरुवात झाली, आणि ज्याने कुलूप लावलं तोच किल्ली विसरला. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. दरवेळी लपवण्यामागे दुष्टपणा असतोच असं नाही. कधी कधी लोकांचं मन खचू नये हा चांगला हेतूही असतो. पण तारीख न लावलेलं गुपित आपोआप लांबत जातं. ते उघडण्याची घाई कुणालाच नसते.

बरं, त्या काळी लोकांच्या मनात काय चाललंय हे सरकारला कळत होतं का? कळत होतं. ब्रिटनच्या माहिती मंत्रालयाचा एक विभाग लोक कशाबद्दल बोलतायत याचे अहवाल तयार करत असे, सुरुवातीला तर रोजच्या रोज. डफ कूपर नावाचे मंत्री होते, तर लोकांनी या माहिती गोळा करणाऱ्यांना ‘कूपरचे हेर’ अशा अर्थाचं टोपणनाव देऊन टाकलं. त्या अहवालांत एक तक्रार पुन्हा पुन्हा येते: बातमी उशिरा मिळते, आणि मिळते तेव्हा गुळगुळीत करून मिळते. वाईट बातमी का दिली, अशी तक्रार त्यामानाने कमी.

१९४२ हे साल ब्रिटनसाठी आणखी वाईट. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडलं. सुमारे ८० हजार सैनिक शरण गेले, आणि त्यातले निम्म्याच्या आसपास आपले, भारतीय होते. मार्चमध्ये ‘डेली मिरर’ने फिलिप झेक या व्यंगचित्रकाराचं एक चित्र छापलं. खवळलेल्या समुद्रात, जहाज बुडालेला एक खलाशी मोडक्या तराफ्याला धरून पडलाय. खाली ओळ अशा अर्थाची की पेट्रोल एका पेनीने महागलं. चित्रकाराचं म्हणणं होतं, बाबांनो पेट्रोल जपून वापरा, ते आणताना माणसं मरतायत. सरकारने अर्थ काढला की नफेखोरांसाठी खलाशी मरतायत असं हे चित्र सुचवतंय. गृहमंत्री हर्बर्ट मॉरिसन यांनी पेपर बंद करण्याची धमकी दिली. ही पोकळ धमकी नव्हती, कारण त्याआधी, जानेवारी १९४१ मध्ये, त्यांनी ‘डेली वर्कर’ हे कम्युनिस्टांचं वर्तमानपत्र खरोखर बंद केलं होतं. पण ‘मिरर’च्या बाबतीत संसदेत वाद झाला, टीका झाली, आणि पेपर चालू राहिला.

जूनमध्ये आफ्रिकेतलं टोब्रुक पडलं, ३३ हजारांच्या आसपास सैनिक कैद झाले. चर्चिल तेव्हा वॉशिंग्टनमध्ये रूझवेल्टसोबत बसले होते. बातमीची चिठ्ठी तिथेच हातात आली. परत आले तर संसदेत त्यांच्याविरुद्ध ठराव वाट बघत होता. जरा कल्पना करा. महायुद्ध ऐन भरात, लागोपाठ पराभव, आणि १ आणि २ जुलैला खासदार पंतप्रधानांना उघडपणे झोडपतायत. हे गृहस्थ सभागृहातली प्रत्येक चर्चा जिंकतात आणि रणांगणावरची प्रत्येक लढाई हरतात, असा टोला अन्युरिन बेव्हन यांनी मारला. मतदान झालं, ४७५ विरुद्ध २५. चर्चिल टिकले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अल अलामेनचा विजय आला. उघड टीकेने ब्रिटनचं कंबरडं मोडलं नाही, हे इथे नोंदवून ठेवू.

पण याच चर्चिल सरकारची हीच सहनशीलता भारतापर्यंत पोचली नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजी तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर बंधनं आली. १९४३ मध्ये बंगालमध्ये लाखो माणसं उपाशी मरत होती आणि सेन्सॉरच्या दडपणामुळे बातम्या दबक्या आवाजात येत होत्या. शेवटी कोलकात्याच्या ‘द स्टेट्समन’ने, तेही ब्रिटिश मालकीच्या पेपरने आणि इयान स्टीफन्स या ब्रिटिश संपादकाने, २२ ऑगस्ट १९४३ रोजी भूकबळींचे फोटो छापले. मग दिल्लीला आणि लंडनला दखल घ्यावीच लागली. पुन्हा विचारतो, गुपित कुणापासून? उपाशी माणसाला भूक माहीत होती. कोलकात्याच्या फुटपाथवरून चालणाऱ्याला प्रेतं दिसत होती. ज्यांच्यापासून लपवायचं होतं ते दूर बसलेले होते, जे जाब विचारू शकले असते.

आता अमेरिका. व्हिएतनाम युद्ध. इथली चूक वेगळी आहे. इथे पराभव लपवला असं म्हणण्यापेक्षा, विजय आधीच उधार विकला असं म्हणावं लागेल.

१९६७ च्या अखेरीस अमेरिकेचे ५ लाखांच्या आसपास सैनिक व्हिएतनाममध्ये होते. घरी लोक वैतागले होते. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ठरवलं की प्रगती होतेय हे लोकांना पटवायचं. सेनापती वेस्टमोरलँड यांना मायदेशी बोलावलं. २१ नोव्हेंबरला त्यांनी वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबमध्ये सांगितलं की शेवट आता नजरेच्या टप्प्यात येऊ लागलाय. तिकडे सायगावमध्ये लष्कर रोज संध्याकाळी पत्रकारांना आकडे द्यायचं, शत्रूची इतकी माणसं मेली वगैरे. त्या पत्रकार परिषदेला पत्रकारांनीच ‘पाच वाजताचा तमाशा’ अशा अर्थाचं नाव ठेवलं होतं. यावरून विश्वास किती उरला होता ते समजा.

आणि मग दोन महिन्यांनी, ३० आणि ३१ जानेवारी १९६८ ला, व्हिएतनामी नववर्षाच्या म्हणजे टेटच्या सुट्टीत, शंभराहून जास्त शहरांवर आणि गावांवर एकाच वेळी हल्ले झाले. सायगावमध्ये १९ जणांची एक तुकडी थेट अमेरिकन दूतावासाच्या आवारात घुसली. काही तास तिथे गोळीबार चालला, आणि त्याची दृश्यं अमेरिकेतल्या दिवाणखान्यांत पोचली.

आता इथे नीट ऐका. लष्करी हिशेबाने टेटमध्ये हल्लेखोरांचं प्रचंड नुकसान झालं. दूतावासाच्या मुख्य इमारतीत त्यांना शिरता आलं नाही. ह्युए सोडलं तर बहुतेक शहरं थोड्याच दिवसांत परत घेतली गेली. सरकार हे सांगत होतं, आणि ते बऱ्याच अंशी खरंच होतं. पण ऐकणार कोण? नोव्हेंबरमध्ये शेवट जवळ आलाय म्हणालात, आणि जानेवारीत दूतावासात गोळीबार? लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपल्याला माहीत आहे. ही त्याची उलटी आवृत्ती. लांडगा नाहीच, लांडगा नाहीच, असं सांगत राहिलात की लांडगा खरंच पळाला तरी कुणी विश्वास ठेवत नाही.

२७ फेब्रुवारीला वॉल्टर क्रॉंकाइट या अतिशय विश्वासू वृत्तनिवेदकाने व्हिएतनामहून परतल्यावर खास कार्यक्रम केला आणि सांगितलं की हे युद्ध कोंडीत अडकलंय, वाटाघाटी हाच मार्ग. १० मार्चला ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने बातमी फोडली की लष्कराला आणखी २ लाख ६ हजार सैनिक हवेत. म्हणजे बाहेर विजय, आत मागणी. दोन दिवसांनी न्यू हॅम्पशायरमधल्या प्राथमिक निवडणुकीत युद्धविरोधी उमेदवार युजीन मॅकार्थी यांना ४२ टक्के मतं पडली. ३१ मार्चला जॉन्सन टीव्हीवर आले आणि पुन्हा निवडणूक लढवणार नाही म्हणाले.

बरेच लोक आजही म्हणतात की टीव्हीने अमेरिकेला हरवलं. मला हे पटत नाही. कॅमेऱ्याने जे दाखवलं ते नोव्हेंबरच्या भाषणाशी जुळत नव्हतं, एवढंच. ते भाषण कॅमेऱ्याने लिहिलं नव्हतं.

आता घरी येऊ. १९६२.

१२ ऑक्टोबर १९६२. कोलंबोला निघताना विमानतळावर पंडित नेहरूंनी पत्रकारांना सांगितलं की आपला भाग मोकळा करायला लष्कराला सांगितलंय. वर्तमानपत्रांनी त्याचा अर्थ सरळ घेतला, आता चिन्यांना हुसकावणार. प्रत्यक्षात नामका चू नदीकाठी आपली ब्रिगेड उन्हाळी कपड्यांत, अपुऱ्या दारूगोळ्यानिशी, अवघड जागी उभी होती. तिथे दोनच दिवस आधी चकमकही झाली होती. सैनिकांना खरी परिस्थिती माहीत होती, समोरच्या चिन्यांना माहीत होती. माहीत नव्हती ती चहाच्या टपरीवर पेपर वाचणाऱ्या आपल्या लोकांना. २० ऑक्टोबरला हल्ला झाला आणि ती ब्रिगेड काही तासांत उद्ध्वस्त झाली.

नेहरूंच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हल्ल्यानंतर पाचच दिवसांनी ते एका भाषणात म्हणाले की आपण वास्तवापासून तुटलो होतो, स्वतःच तयार केलेल्या कृत्रिम वातावरणात जगत होतो. पदावरचा माणूस असं सहसा बोलत नाही. दुसरं म्हणजे, संसदेचं अधिवेशन लवकर बोलवा अशी मागणी झाली, त्यात तरुण खासदार अटलबिहारी वाजपेयी पुढे होते. नेहरूंनी ८ नोव्हेंबरला अधिवेशन बोलावलं. कुणीतरी सुचवलं, गुप्त बैठक घ्या. नेहरू नाही म्हणाले. सुमारे १६५ खासदार बोलले, अनेकांनी सरकारची सालं काढली. आणि देश खचला का? उलट बायकांनी बांगड्या उतरवून संरक्षण निधीत दिल्या. अर्धीमुर्धी का होईना, परिस्थिती वाईट आहे हे कळल्यावर लोकांनी खिशात हात घातला. १९४२ च्या लंडनसारखंच झालं ना?

पुढे नोव्हेंबरमध्ये से ला आणि बोमदिला गेलं. तेजपूरमधून लोक घरंदारं सोडून निघाले, बँकेतल्या नोटा जाळल्या गेल्या. नेहरूंनी रेडिओवरून आसामच्या लोकांबद्दल कळवळा व्यक्त केला, पण ऐकणाऱ्यांना वाटलं की हे तर आपल्याला निरोप देतायत. ती जखम आसाममध्ये कित्येक वर्षं राहिली. याच दिवसांत नेहरूंनी केनेडींना दोन पत्रं लिहून लढाऊ विमानांची मदत मागितली होती. ती त्या दिवशी गुप्त ठेवणं बरोबरच होतं. तुमच्याकडे काय नाही, हे शत्रूला कशाला सांगायचं? म्हणजे आपल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे ‘शत्रूपासून’ असं येतं. अशी गुपितंही असतात, हे विसरायचं नाही.

२१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी लागू केली आणि त्याच दिवशी यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकतो. पण त्यांच्यापुढचं कठीण काम नंतर सुरू झालं: काय चुकलं ते शोधणं, आणि ते लोकांना सांगणं. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी चौकशी केली. सप्टेंबर १९६३ मध्ये यशवंतरावांनी संसदेत निष्कर्षांचा गोषवारा सांगितला. प्रशिक्षण, शस्त्रास्त्रं, नेतृत्वाची साखळी, सेनाधिकाऱ्यांची क्षमता, सगळ्यांत उणिवा होत्या. तेवढं सांगितलं हे चांगलंच झालं. पण मूळ अहवाल बंद राहिला. २०१० मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितलं की मजकूर अजूनही संवेदनशील आहे. २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकाराने त्याचा मोठा भाग इंटरनेटवर टाकून दिला. सरकारने मात्र तो अधिकृतपणे खुला केलेला नाही.

पहिला प्रश्न, गुपित कुणापासून? चीनला स्वतःच्या वाटा, स्वतःचे हल्ले माहीतच आहेत. दुसरा प्रश्न, कधीपर्यंत? साठ वर्षं उलटून गेली. आणि यात नुकसान फक्त इतिहासाच्या विद्यार्थ्यांचं होत नाही. कागद बंद राहिला म्हणून कुणी सगळं खापर नेहरूंवर फोडतो, कुणी कृष्ण मेनन यांच्यावर, कुणी सेनापतींवर. ग्रुपवर भांडणं होतात, आणि पुरावा कुणाकडेच पुरा नाही. जे जवान तिथे लढले, त्यांच्या घरच्यांना आपला माणूस कुणाच्या चुकीने गेला हे सरकारी कागदावर वाचण्याचा हक्क नाही का?

कुणी म्हणेल, असे अहवाल खुले करता येत नाहीत हो. येतात. आपणच केलेत. कारगिल युद्ध जुलै १९९९ मध्ये संपलं, लगेच के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि फेब्रुवारी २००० मध्ये तिचा अहवाल संसदेत मांडला गेला. नाजूक वाटले ते भाग गाळले, बाकीचा पुस्तकरूपाने बाजारात आला. घुसखोरी आधी लक्षात का आली नाही, गुप्तचर यंत्रणा कुठे कमी पडली, हे त्यात होतं. त्यानंतर संरक्षण व्यवस्थेत काही सुधारणाही झाल्या. नाजूक ओळी गाळा, पण बाकीचं द्या, इतकी सरळ पद्धत आहे ही.

तर मंडळी, पुढच्या वेळी युद्धाच्या बातम्या येतील तेव्हा दोन टोकांना जाऊ नका. सरकार गप्प आहे म्हणजे खोटंच बोलतंय, असं नाही. उद्या विमानं कुठून उडणार हे मला कळायची गरज नाही. आणि प्रश्न विचारणारा प्रत्येक पत्रकार देशद्रोहीही नाही. १९४२ मध्ये बेव्हन देशद्रोही नव्हते, १९६२ मध्ये वाजपेयी नव्हते. आपण फक्त विचारायचं, हे गुपित कुणापासून आहे आणि कधीपर्यंत आहे. शत्रूला आधीच माहीत असलेली गोष्ट आपल्याला सांगितली जात नसेल, तर ती कुणाची तरी खुर्ची सांभाळतेय, सीमा नव्हे, असा संशय घ्यायला हरकत नाही. आणि तोपर्यंत, खात्री नसलेला व्हिडिओ पुढे ढकलू नका. रिकामी जागा आपण खोट्याने भरायची नाही, ती खऱ्याने भरा असा आग्रह धरायचा.

तुमच्या घरात १९६२, १९६५, १९७१ किंवा कारगिलच्या आठवणी सांगणारं कुणी असेल, तर त्यांना एक विचारा: तेव्हा बातमी कशी कळायची, आणि कुणावर विश्वास बसायचा? उत्तरं खाली लिहा, मी वाचतो. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.